उरलेला भात आणि पहिले दोन तास

घरातील माणसे मोजून तांदूळ घेतले, तरी भात नेमका पुरला असे फारसे घडत नाही. कोणी बाहेरून खाऊन येतो, कोणाला भूक नसते, कोणी पोळीवरच उठतो. आणि पातेल्याच्या तळाशी वाटी-दोन वाट्या भात राहतो. तो टाकून देणे आपल्या मनाला रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. यातूनच रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी रुजली. मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे आणि सोबत दही! हा प्रकार इतका आवडीचा, की काही घरांत रात्री त्यासाठी मुद्दाम मूठभर तांदूळ अधिक टाकले जातात.

या रीतीला माझा विरोध नाही. मात्र अचानक उलट्या सुरू झालेला रुग्ण दवाखान्यात आला आणि त्याने सकाळी फोडणीचा भात खाल्ल्याचे कळले, तर मी एक प्रश्न आवर्जून विचारतो : रात्रभर तो भात कोठे होता? उत्तर बहुधा ठरलेले असते. "ओट्यावरच होता डॉक्टर, पण नीट झाकून ठेवला होता. आणि सकाळी चांगली वाफ येईपर्यंत गरम केला होता."

या उत्तरातील शेवटचे वाक्य हाच आजच्या लेखाचा विषय आहे. अन्न कडकडीत गरम केले की ते निर्धोक होते, ही समजूत पुष्कळ पदार्थांच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी आहे. भाताच्या बाबतीत ती अपुरी ठरते. त्याचे कारण समजून घेतले, तर भात टाकण्याचीही वेळ येणार नाही आणि आजारी पडण्याचीही.

तांदळाबरोबर घरात येणारा जिवाणू

बॅसिलस सेरियस नावाचा एक जिवाणू आहे. त्याचे मूळ वसतिस्थान माती. शेतातील मातीतून तो धान्यावर येतो आणि तांदळाबरोबर आपल्या डब्यापर्यंत पोहोचतो. तांदूळ महागडा असो वा साधा, गिरणीचा असो वा गावाकडून आलेला, यात फरक पडत नाही. तांदूळ तीन पाण्यांत धुतल्याने धूळ आणि कोंडा जातो. हा जिवाणू पूर्णपणे जात नाही.

तांदूळ शिजताना जिवाणू मरतात, हे खरे. परंतु बॅसिलस सेरियसला एक संरक्षण लाभले आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो बीजाणूचे रूप घेतो. बीजाणू म्हणजे जाड कवचात बंद झालेला, निद्रिस्त जिवाणू. बी जसे उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहते आणि पहिल्या पावसाला उगवते, तसेच हे. पातेल्यात भात रटरटला तरी काही बीजाणू टिकून राहतात. कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, त्यामुळे त्यांची संख्या बरीच घटते. तरी दोन-तीन शिट्ट्यांत ते सर्व संपले असे धरून चालता येत नाही.

गरमागरम भात ताटात वाढला जातो, तेव्हा या मूठभर बीजाणूंनी काहीही बिघडत नाही. ते निद्रिस्त असतात आणि संख्येने थोडे असतात. भात कोमट होऊ लागला, की मात्र त्यांना जाग येते. ओलावा आहे, पिष्टमय अन्न आहे, ऊब आहे, आणि शिजण्याने इतर जिवाणू मेल्यामुळे स्पर्धाही उरलेली नाही. बीजाणू उगवतात आणि वाढू लागतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा टप्पा अन्नसुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा मानला जातो. आपल्या स्वयंपाकघराचे तापमान वर्षातील बाराही महिने याच टप्प्यात असते.

गरम केल्यावरही विष का उरते

या जिवाणूमुळे दोन निरनिराळे आजार होतात. पहिल्यात प्रामुख्याने उलट्या होतात, दुसऱ्यात पोटात कळा येऊन जुलाब होतात. भाताशी विशेष संबंध आहे तो उलट्यांचा.

उलट्यांना कारणीभूत होणारे विष जिवाणू भातातच तयार करून ठेवतात. त्याचे नाव सेरुलाइड. हे विष उष्णतेला विलक्षण दाद न देणारे आहे. प्रयोगशाळेत १२१ अंश सेल्सिअसवर दीड तास ठेवूनही त्याचा प्रभाव टिकलेला आढळला आहे. आपली कढई, मायक्रोवेव्ह किंवा कुकरच्या आणखी दोन शिट्ट्या यांपुढे त्याचे काही बिघडत नाही. जठरातील आम्लही त्याला निष्प्रभ करू शकत नाही. म्हणजे सकाळी आपण भात गरम करतो तेव्हा जिवाणू मरतात, परंतु रात्रभरात त्यांनी तयार केलेले विष तसेच राहते. चोर पकडला गेला तरी चोरलेला माल परत मिळालेला नसतो, तसा हा प्रकार आहे.

जुलाबांचा प्रकार वेगळा. त्यात पोटात गेलेले जिवाणू आतड्यात विष निर्माण करतात, आणि ते विष उष्णतेने सहज नष्ट होणारे असते. म्हणून भात नीट गरम करणे निरर्थक मुळीच नाही. त्याने जुलाबांचा आणि इतर अनेक जिवाणूंचा धोका कमी होतो. मात्र उलट्यांच्या विषावर गरम करणे हा उपाय नाही. त्याच्यावर उपाय एकच : ते तयारच होऊ न देणे.

हे विष असलेल्या भाताला वास येईलच असे नाही, चव बदलेलच असे नाही. भाताला तार सुटली, आंबूस वास आला, तर तो आपण टाकतोच. ती कामगिरी बहुधा इतर जिवाणूंची असते. बॅसिलस सेरियसने बाधित झालेला भात डोळ्यांना, नाकाला आणि जिभेला अगदी चांगला वाटू शकतो. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण भात शिजला की नाही हे पाहण्यापुरती खरी आहे. तो सुरक्षित आहे की नाही, हे शितावरून कळत नाही. ते फक्त घड्याळावरून कळते.

उपाहारगृहांतील एक धडा

हा संबंध वैद्यकशास्त्राच्या ध्यानात कसा आला, याची हकीकत आपल्या फोडणीच्या भाताशी फार जुळते. १९७०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये चिनी पद्धतीच्या उपाहारगृहांत जेवलेल्या लोकांना काही तासांतच उलट्या होत असल्याचे प्रकार वारंवार पुढे आले. प्रत्येक ठिकाणी खाल्लेला पदार्थ होता फ्राइड राइस. १९७४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या घटनांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

शोध घेतल्यावर स्वयंपाकघरातील पद्धत उघड झाली. एकाच वेळी भरपूर भात शिजवून ठेवला जाई. तो फ्रीजमध्ये ठेवला तर शिते एकमेकांना चिकटतात आणि परतताना मोकळी होत नाहीत, म्हणून तो खोलीच्या तापमानातच रात्रभर राही. गिऱ्हाईक आले की त्यातील हवा तेवढा भात घेऊन मोठ्या आचेवर दोन-चार मिनिटे परतला जाई. तेल कडकडीत, आच मोठी, भात वाफाळता. तरीही लोक आजारी पडत. कारण आचेपूर्वीचे कित्येक तास भात उबदार हवेत पडून होता.

भात मोकळा व्हावा म्हणून तो बाहेर ठेवण्याची ही युक्ती आपल्याकडेही सांगितली जाते. तिची गरज नाही. फ्रीजमधील थंड भात हाताने न कुस्करता काट्याने किंवा उलथन्याच्या कडेने हलकेच मोकळा केला, वर पाण्याचा हबका मारला, की तो तितकाच सुटसुटीत होतो.

आठ तासांचा हिशेब

जिवाणूंची वाढ बेरजेने होत नाही, दुपटीने होते. उदाहरणादाखल धरू, की उबदार भातात त्यांची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होते. उगवलेल्या एका जिवाणूचे दोन तासांनी सोळा झाले. सोळाने काही होत नाही. परंतु रात्री दहाला ओट्यावर ठेवलेला भात सकाळी सहाला उघडला, तर आठ तासांत दुपटीच्या सोळा फेऱ्या होतात, आणि त्या एकाचे ६५,५३६ झालेले असतात. आजार होण्यासाठी साधारणतः एक ग्रॅम भातात लाखभर जिवाणू असावे लागतात. आरंभी एकाऐवजी चार-पाच असतील, तर तो आकडा रात्रीत सहज ओलांडला जातो.

या हिशेबातच नियमाचे कारण दडलेले आहे. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. भाताच्या बाबतीत ब्रिटनमधील अन्नसुरक्षा यंत्रणा त्याहून कडक असून, शक्य तर एका तासात भात थंड करावा असे ती सांगते. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर दोन तासांऐवजी एकच तास धरावा, असा अमेरिकेतील संकेत आहे. वैशाखातील नागपूर, अकोला किंवा परभणीच्या स्वयंपाकघरात हा एक तासच लागू समजावा. हिवाळ्यात वाढ मंदावते, पण थांबत नाही. थंडीच्या भरवशावर भात बाहेर ठेवू नये.

घड्याळ सुरू होते ते आचेवरून भात उतरवून तो निवू लागल्यापासून. जेवणे आटोपून ओटा आवरेपर्यंत यातील तास-सव्वा तास सहज गेलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

भात थंड करण्याची रीत

आपल्या घरांत उरलेला भात बहुधा आहे त्याच पातेल्यात, नाही तर कुकरच्या डब्यातच झाकून ठेवला जातो. काही घरांत तर गॅस बंद केल्यावर कुकर सकाळपर्यंत उघडलाही जात नाही. भाताचा दडपलेला, खोल थर उष्णता फार हळू सोडतो. वरचा भात गार लागतो, तेव्हाही मधला भाग कोमट असतो. आणि वरून झाकण असल्याने ती ऊब अधिकच टिकते. जिवाणूंना याहून सोयीची जागा मिळणार नाही.

म्हणून उरलेला भात प्रथम पातेल्यातून बाहेर काढावा. स्वच्छ परातीत किंवा ताटात स्वच्छ चमच्याने पसरावा. थर दोन-तीन बोटांपेक्षा जाड नसावा. वर जाळी किंवा पातळ स्वच्छ कापड टाकावे आणि पंख्याखाली ठेवावा. घाई असेल तर परात मोठ्या थाळीतील गार पाण्यात टेकवून ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांत वाफ जाते. मग भात उथळ डब्यात भरावा, घट्ट झाकण लावावे आणि डबा फ्रीजमध्ये ठेवावा.

"गरम पदार्थ ठेवल्याने फ्रीज बिघडतो" या भीतीने पुष्कळ जणी भात पूर्ण गार होण्याची वाट पाहतात, आणि वाट पाहता पाहता झोपी जातात. उथळ डब्यातील किंचित कोमट भाताने फ्रीजचे काही बिघडत नाही. वाफाळते, भरलेले पातेले मात्र आत ठेवू नये. त्याने शेजारचे दूध, दही आणि भाजी तापते, आणि पातेल्यातील भातही लवकर गार होत नाही.

फ्रीजचे तापमान ५ अंशांच्या आत असावे. डबा दाराच्या कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडले की तो कप्पा आधी तापतो. आतील बाजूस, मधल्या फळीवर ठेवावा. फ्रीज गच्च भरलेला असला तर थंड हवा फिरत नाही. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रीज साधारणतः चार तास पुरेसा थंड राहतो. त्याहून अधिक वेळ वीज नसेल, तर त्यातील भातावर भरवसा ठेवू नये.

असा ठेवलेला भात किती दिवस खावा? काही देशांत तीन-चार दिवसांची मुभा दिली जाते. आपले फ्रीज दिवसातून असंख्य वेळा उघडतात, वीज जाते, आणि या जिवाणूचे काही प्रकार फ्रीजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढू शकतात. हे सारे पाहता मी एकच दिवस सांगतो. रात्रीचा भात दुसऱ्या दिवशी संपावा. भात वारंवार उरत असेल, तर वाटीभराच्या पुड्या करून, चपट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. उणे १८ अंशांवर वाढ पूर्णपणे थांबते, आणि हवी तेवढीच पुडी काढता येते.

पुन्हा गरम करताना

लागेल तेवढाच भात बाहेर काढावा. उरलेला डबा लगेच आत ठेवावा. कढईत फोडणी करून भात घातल्यावर पाण्याचा हबका मारावा, सर्व भात खालीवर करावा आणि झाकण ठेवून मंद आचेवर दणदणीत वाफ आणावी. तळाचा भात चरचरतो आणि मधला गारच राहतो, हा नेहमीचा अनुभव. म्हणून एकदा मधूनही हलवून पाहावे. सगळा भात सारखा वाफाळला पाहिजे, म्हणजे किमान ७० अंशांपर्यंत तापला पाहिजे. मायक्रोवेव्ह वापरत असल्यास भात पसरट भांड्यात घ्यावा, थोडे पाणी शिंपडून झाकावा, मध्येच थांबून हलवावा आणि शेवटी मिनिटभर तसाच राहू द्यावा. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग तापतो आणि काही गार राहतो. या हलवण्याने आणि थांबण्याने ते सारखे होते. इडलीच्या पात्रात दहा मिनिटे वाफवणे ही जुनी पद्धतही उत्तम.

गरम केलेला भात त्याच वेळी संपवावा. तो पुन्हा थंड करून, पुन्हा गरम करू नये. प्रत्येक फेरीत भात त्या धोक्याच्या टप्प्यातून दोनदा जातो. शिळ्या कढीला ऊत आणण्यात अर्थ नसतो असे आपण म्हणतो. भाताला तर तो तिसऱ्यांदा आणूच नये.

वाचकांना पडणारे काही प्रश्न

शाळेच्या डब्यात फोडणीचा भात द्यावा का? रात्रीचा भात सकाळी सातला गरम करून डब्यात भरला आणि मुलाने तो अकरा वाजता खाल्ला, तर आणखी चार तास कोमट अवस्थेत जातात. असा भात घरीच, गरम असतानाच न्याहारीला खावा. डब्यासाठी पोळी-भाजी किंवा ताजा पदार्थ बरा.

हॉटपॉटमध्ये भात ठेवला तर चालेल का? भात ६० अंशांच्या वर असेपर्यंत चालेल. हॉटपॉट उष्णता निर्माण करत नाही, केवळ थोपवून धरतो. दोन-अडीच तासांनी आतील भात कोमट झाला, की तोच डबा जिवाणूंना उबवणी ठरतो. दुपारचा भात रात्रीपर्यंत त्यात ठेवू नये. सत्यनारायणाच्या किंवा गणपतीच्या प्रसादाला केलेल्या मसालेभाताचे मोठे पातेले हाही असाच हॉटपॉट असतो. दुपारची पंगत उठल्यावर उरलेला मसालेभात संध्याकाळपर्यंत तसाच न ठेवता लगेच वाटून टाकावा किंवा परातींत पसरून थंड करावा.

दहीभात निर्धोक असतो का? दह्याच्या आंबटपणामुळे या जिवाणूची वाढ मंदावते. परंतु दही घालण्यापूर्वी भात रात्रभर बाहेर राहिला असेल, तर झालेले विष दह्याने जात नाही. लिंबू, हळद, लसूण, हिंग यांनीही जात नाही. ताज्या भातात दही कालवून तो थंड ठेवावा.

भातात पाणी घालून ठेवण्याची जुनी पद्धत वाईट होती का? ओडिशात पखाळ, बंगालमध्ये पांता भात या नावांनी ती आजही प्रचलित आहे. पाण्यात ठेवलेला भात आंबतो, आणि आंबण्यामुळे तयार होणारे आम्ल इतर जिवाणूंना काही प्रमाणात रोखते. मात्र आम्ल किती आणि कधी तयार होईल हे भांडे, पाणी आणि हवामान यांवर अवलंबून असते. म्हणून लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि दीर्घ आजाराचे रुग्ण यांनी त्यावर विसंबू नये.

शिळा भात मधुमेहात चांगला, हे खरे का? शिजवून थंड केलेल्या भातातील काही पिष्ट पचायला अवघड अशा रूपात बदलते, आणि रक्तातील साखर किंचित कमी वाढते, हे प्रयोगांत दिसले आहे. फरक लहान असतो. त्या आधारावर दुप्पट भात खाणे हिताचे नाही. शिवाय ज्या प्रयोगात थंड करून पुन्हा गरम केलेल्या भाताचा हा गुण दिसला, त्यात भात फ्रीजच्या ४ अंशांवर ठेवलेला होता, ओट्यावर नव्हे.

त्रास झालाच तर

भात खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. जुलाबांचा प्रकार असेल तर सहा ते सोळा तासांत पोटात कळा येऊन जुलाब होतात. बहुतेकांना चोवीस तासांत बरे वाटते. या काळात महत्त्वाचे एकच : शरीरातील पाणी आणि क्षार भरून काढणे. जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवावी. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-चमचा पाजावे. पेलाभर एकदम दिले तर पुन्हा उलटी होते. प्रतिजैविकांचा येथे उपयोग नाही, कारण त्रास तयार विषाने झालेला असतो. दुकानातून आणलेल्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जाण्यास वेळ लावू नये : पाण्याचा घोटही पोटात न ठरणे, सहा-आठ तास लघवी न होणे, शौचावाटे रक्त, तीव्र ताप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, डोळे पिवळे दिसणे. तान्ही मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्या बाबतीत आरंभापासूनच सल्ला घ्यावा.

सेरुलाइडने यकृत निकामी होण्याच्या घटनाही वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. २००८ साली ब्रुसेल्समध्ये २० वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस खोलीच्या तापमानात राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली, आणि त्याचा मृत्यू झाला. पदार्थ वेगळा, विष तेच. अशा घटना अत्यंत विरळ आहेत; प्रत्येक उलटीने घाबरून जाऊ नये. तथापि "शिळ्या अन्नाने फार तर पोट बिघडेल" ही बेफिकिरी योग्य नाही, एवढे त्यातून ध्यानात घ्यावे.

शिळे कोणाच्या वाट्याला

शेवटी एक गोष्ट वैद्यकापलीकडची, पण दवाखान्यात रोज दिसणारी. साठीच्या एका गृहिणीला भोवळ आली म्हणून मुलगा घेऊन आला. त्यांना मधुमेह होता, सकाळची गोळी घेतलेली होती. न्याहारीला खाल्लेला भात उलटून पडला, आणि रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरली. घरातील इतर चौघांना काही झाले नव्हते, कारण त्या चौघांनी ताजी पोळी-भाजी खाल्ली होती. "आई, तू कशाला खाल्लास तो भात?" मुलगा म्हणाला. "टाकवेना रे," एवढेच त्या म्हणाल्या.

आपल्या घरांत ताजे अन्न इतरांच्या ताटात आणि शिळे गृहिणीच्या ताटात, ही वाटणी कोणी न ठरवताच झालेली असते. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्तीला एका दिवसाच्या उलट्याही महाग पडतात, आणि अनेक घरांत ती व्यक्ती नेमकी हीच असते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांना उलट्या होऊ लागल्या, तर साखर तपासावी आणि पुढच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारावे. दुसरी वाटणी घराबाहेरची : आपल्याला ज्या भाताची खात्री वाटत नाही, तो कामाला येणाऱ्या मावशींच्या डब्यात जातो. जो भात आपण आपल्या नातवाला भरवणार नाही, तो त्यांनाही देऊ नये. द्यायचाच असेल, तर रात्रीच थंड करून ठेवलेला, चांगला भात द्यावा.

अन्न वाया जाऊ नये ही भावना जपायची असेल, तर तिचे स्थान सकाळी नाही, रात्री आहे. एक वाटी कच्च्या तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. जेवणारी माणसे मोजून तांदूळ घ्यावेत, आणि जेवायला कोण नाही हे आधी कळवण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी. जेवणे झाल्यावर ओटा आवरणाऱ्याने, मग तो पुरुष असो वा स्त्री, उरलेला भात परातीत पसरावा, थंड करावा आणि डबा फ्रीजमध्ये ठेवूनच दिवा मालवावा. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. ते राहून गेले आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला, तर सकाळी त्याचा वास घेऊन पाहू नये, चव घेऊन पाहू नये, गरम करून पाहू नये. तो कुंडीच्या खतात घालावा आणि त्या दिवशी न्याहारीला पोहे करावेत.